खुनाचं पथ्य

ती. वन्संना,

वहिनीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजा, कंबर हल्ली विचारल्याशिवाय वाकत नाही. तुमची झोप, भूक आणि जावई, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांग दिसते.

पत्रास कारण की, मला माणूसघाणेपणा जडला आहे. मला पत्ता नव्हता, तुमच्या भाच्याच्या फोनमध्ये आलं होतं. खुनाच्या मालिका बघणाऱ्यांची मनं म्हणे दगड होतात आणि ती माणसं चारचौघांत बसायच्या लायकीची उरत नाहीत. त्यात माझीही थोडी चूक झाली. (थोडी असंच लिही गं, पेन थांबवू नकोस.) सूनबाईचे काका-काकू चहाला आले होते. काका म्हणाले, हिच्या हातचा काढा घेतो, पण हल्ली गरगरतं. मी सहज विचारलं, विम्याला वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय? काका हसले. काकू हसल्या नाहीत. एवढंच मी टिपून घेतलं, आणि तसं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुणाला मारावंसं वाटतं का, त्यांनी विचारलं. म्हटलं, बाई, एकत्र कुटुंबात चाळीस वर्षं काढली, वाटलं नसतं तर नवल. त्यांनी तेही लिहून घेतलं. आता खून बंद. त्याऐवजी टीव्हीवर मन शांत करणारे मासे बघायचे. बघते. काल एका धोंड्याएवढ्या माशाने धाकट्याला गिळलं आणि तो पुढे पोहत गेला. ना पंचनामा, ना चौकशी. माझ्या मालिकेत एक माणूस मेला तर वीस भाग सगळे त्याच्यासाठी झिजतात. उलट तुमचा भाचा जेवताना बातम्या लावतो. त्यात सहा जण एकमेकांची नरडी धरायला उठतात, हा त्या सहांवर ओरडतो, आणि मग मीठ कमी म्हणून सूनबाईवर. (हेही लिही. लाजतेस काय?) पण त्याला काही जडलेलं नाही. तो जागरूक आहे.

बाकी मी सुधारले. कुणाशी बोलत नाही, पाहुणे आले की खोलीबाहेर येत नाही. घरात सगळ्यांना फार बरं वाटतंय.

तुमची,
वहिनी

ता. क. इथून अक्षर बदलेल. टपालात टाकते सांगून पाकीट घेऊन मी समोरच्या रिटायर नर्सबाईंकडे आले आहे. त्यांनी जन्मभर रक्त पुसलं, आता टीव्हीवरचंही बघत नाहीत, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. वन्सं, हे मासे सुरू झाले ते नेमके आपल्या मालिकेच्या शेवटच्या भागाच्या दिवशी. त्या कारखानदाराला मारलं कुणी? वीस आठवडे बसले होते हो मी. फोन करू नका, तो इथे घरभर ऐकू जातो. पत्रही सूनबाईच वाचून दाखवणार. तेव्हा नुसतं तब्येतीचं लिहा. मेहुण्याने मारलं असेल तर गुडघा दुखतोय, डॉक्टरने असेल तर खोकला, बायकोने असेल तर पित्त.

आणखी एक. दुखणं एकच लिहा. खरोखर दुसरं काही दुखत असेल तर पुढच्या पत्रापर्यंत कळ काढा. उगाच एखादा निरपराध माणूस माझ्या मनातून उतरायचा.