गार्ड काढा

चिंचवड, रविवार

निंबाळकर साहेब,

माझी कथा वाचून काल फोनवर म्हणालात, "जयमालाबाई, झकास जमलीय. फक्त तो मॅनेजर काढा. मालोजीची बोटं आपोआप तुटली, तरी वाचणारा रडेलच की!"

आपोआप! चाकणच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तुम्ही मला हेच लिहायला लावलंत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून अपघातांचे अहवाल माझ्याकडे. "प्रेसचा गार्ड काढा, ऑर्डर रखडलीय," असं तुम्ही माझ्यासमोर मालोजीवर ओरडलात. हात मशीनखाली जाऊ नये म्हणून लावलेली ती जाळी त्याने काढली आणि त्याच दिवशी त्याची बोटं गेली. संध्याकाळी मी सुंदर इंग्रजीत टाइप केलं की चूक कामगाराचीच. तुम्ही शाबासकी दिलीत आणि मी खूश झाले.

निवृत्तीनंतर वाचनालयातल्या कादंबऱ्यांचा फडशा पाडला. चांगला लेखक कोणालाच सोडत नाही, स्वतःलाही नाही, एवढं त्यातून शिकले. काल रागाच्या भरात माझी कथा पुन्हा वाचली. तिच्यात मॅनेजर होता, मालोजी होता, पण तो अहवाल टाइप करणारी बाई कुठेच नव्हती. तुमची सवय मलाही लागली होती.

आज तिला कथेत आणलं, शाबासकीसकट. कथा आता खरी झाली. मॅनेजरही आहे तिथेच आहे.

हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही. कथा मात्र उद्या दिवाळी अंकाकडे जाईल. अंक विकत घेऊन वाचा.

आपली, पण आता नम्र नसलेली,
जयमाला