दक्षाचं नाव, सोनेरी अक्षरांत

१२ एप्रिल
दक्षाचं लग्न तीन मेला. मंडपवाला स्टेजसाठी फ्लेक्स देतोय. साफ नाही म्हटलं. एकुलत्या लेकीचं नाव बाप स्वतः बनवणार! थर्माकोलची अक्षरं, वर सोनेरी ऑइलपेंट. दक्षाचे डोळे भरून आले. लगेच तलासरीला सासरी फोन करून सांगितलं, पप्पा स्वतः बनवताहेत म्हणून.

१५ एप्रिल
आगर गावाहून मासळीचे थर्माकोलचे रिकामे डबे आणले. फुकट. एकट्या 'क्ष'ला दोन तास लागले. जरा वास येतो. लग्नात अत्तर असतंच.

१६ एप्रिल, दुपार
रंगात भरपूर थिनर घालून पहिला हात दिला. पाच मिनिटांत 'द'ला भोक, 'क्ष'चा चिखल. कारण उघड आहे, ऊन. थर्माकोल वितळला. सव्वीस वर्षांच्या संसारात संगिताने माझं एक म्हणणं ऐकलेलं नाही. म्हणाली, काल दिवसभर उन्हातच होती की अक्षरं, तेव्हा काही झालं नाही, थिनरने खाल्ली. मी समजावलं, वस्तू उष्णतेने वितळते, मी बारावी सायन्स आहे. तिने विचारलं, पास का? विषय काय, ही बोलते काय!

२० एप्रिल, पहाटे पाच
नवी अक्षरं कापून गारव्यात रंगवली. गेली. भिंतींत कालची उष्णता होती.

२४ एप्रिल
रामबाण उपाय! नविनभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात स्वेटर घालून, लाद्यांच्या शेजारी बसून रंगवलं. दात वाजत होते. तरी गेली. नविनभाई म्हणाले, काका, इथे बर्फ वितळत नाही, तुमचा थर्माकोल कसा वितळेल? त्यांनी गार पाण्यात साखर टाकून ढवळली. दिसेनाशी झाली. म्हणे, थिनरमध्ये तुमची अक्षरं अशीच विरघळली, उष्णतेचा काय संबंध? बर्फ विकणारा मला सायन्स शिकवतोय. कारखाना पुरेसा थंड नाही, बाकी काही नाही.

२६ एप्रिल
ताप. संगिताने पाण्याचे रंग आणून ठेवलेत, थिनर लागत नाही म्हणाली. बालवाडी आहे का ही? माझ्या लेकीचं नाव चमकलं पाहिजे.

२ मे
शेवटचा डबा. अक्षरं कापून कूलरसमोर रंगवली. थिनर दुप्पट, लवकर सुकावं म्हणून. 'क्षा'चा काना तेवढा उरला.

३ मे
स्टेजवर मंडपवाल्याचा फ्लेक्स. व्याह्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः करणार होता ना? मी तोंड उघडायच्या आत दक्षा म्हणाली, हो, पप्पांनीच केलंय. विहीणबाई जवळ जाऊन फ्लेक्सच्या कोपऱ्यातला मंडपवाल्याचा मोबाइल नंबर वाचू लागल्या. विचारलं, हा तुमचाच का? मी हो म्हटलं. दक्षा खाली बघत राहिली.