क्रमांक ४१२ ची शेपटी

३ सप्टेंबर, मंगळवार

प्रदर्शन ठरलं! विणकर भवनाचे कानाई-सान स्वतः घरी येऊन सांगून गेले. माझ्या भरतकामाच्या नोंदींच्या एकतीसच्या एकतीस वह्या काचेच्या पेटीत ठेवणार. आणि त्यांच्या वर टांगणार काळं जाकीट! योकोहामाच्या कुणा हौशी माणसाकडे होतं, महिनाभर द्यायला तयार झालाय. पाठभर पसरलेला फिनिक्स, अस्तरात जुनी चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक ४१२. मी दोन मिनिटांत वहीतलं पान काढून समोर ठेवलं. कानाई-सान बघतच राहिले.

खाली पाटी लागणार — 'भरतकाम : कोगुरे इत्सुको'. आमच्या किर्यू गावात असं होत नाही. जाकिटावर विकणाऱ्याचं नाव असतं, घालणारा मिरवतो, भरणारीला कोण विचारतं! मला ती पाटी हवी आहे. इथे लाजायचं कुणाला?

मग कानाई-सान हळूच म्हणाले, "तस्संच दुसरं करता येईल का हो? शेजारी टांगायला?" म्हटलं, येईल की. "पस्तीस वर्षांनी?" म्हटलं, मी विसरेन, पण वही कशी विसरेल?

५ सप्टेंबर, गुरुवार

पान पुन्हा वाचलं. काही सुटलेलं नाही. काळं सॅटिन, खाली दोन कागद. अकरा नंबरची सुई. सोनेरी रीळ ७०४, शेंदरी २३१, शेपटीच्या टोकांना निळा ८८. वेग मध्यम. मशीन दोन. तीन दिवस. दिलं — १२ मार्च १९८४. शेजारी शेपटीच्या पिसाचा बोटभर नमुना, खळीने चिकटवलेला. रंग अजून नवा कोरा.

आमच्या घरात नोंद मशीनच्या नावावर व्हायची, माणसाच्या नाही. कामं वाटणारा ओनो दारातून तसंच विचारायचा — "दोनवर काय चाललंय?" एक नंबरवर सासूबाई, दोनवर मी, तीनवर कामाला येणारी फुसाको. नोंदी म्हणजे कागदाचे कपटे, बिस्किटांच्या डब्यांत कोंबलेले. १९९० मध्ये मी सगळे वह्यांत उतरवून काढले, नमुने एकेक करून चिकटवले, कपटे जाळले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "रद्दीच ती. आता पुठ्ठा लावलेली रद्दी." आज त्या असत्या तर म्हटलं असतं, बघा, तुमची रद्दी काचेत बसतेय!

८ सप्टेंबर, रविवार

फुसाको मुळ्याचं लोणचं घेऊन आली. प्रदर्शनाचं ऐकून डबा तसाच हातात धरून उभी.

"कुठला फिनिक्स? तो काळ्यावरचा? शेपटीवाला?"

"तोच."

"तो कुठे तुझा!"

मला वाटलं, चेष्टा करतेय. तर नाही! म्हणे तोयोबाईंचा. म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मी वही तिच्या नाकासमोर धरली. मशीन दोन! दिसतंय का? दोनवर कोण बसायचं?

"अगं, वहीचं काय घेऊन बसलीस. मी शेजारच्या मशीनवर होते."

"सत्तरी ओलांडलीस फुसाको, कालचं जेवण आठवत नाही तुला."

"काल मासा होता. आणि फिनिक्स तुझा नव्हता."

लोणचं ठेवून गेली. खाल्लं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

खाल्लं. बरं झालंय. राग आहे तसाच आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

फुसाकोने सासूबाईंचं नाव घेतलं आणि जुना सल पुन्हा दुखायला लागला. लिहूनच टाकते.

१९८४ च्या एप्रिलचा शेवट असेल. माझा मुलगा काझुया दीड महिन्याचा, सारखा रडायचा, मी झोपेवाचून वेडी झालेली. ओनो धावतच आला. काळा फिनिक्स योकोसुकाच्या दुकानात लावला तर लोक काचेला नाक लावून बघतायत म्हणे! "शेपटी थरथरते हो! वारा आल्यासारखी! मशीन दोनचा हात म्हणजे हात!" सगळे माझ्याकडे वळले. मी वाकून वाकून आभार मानले. त्या वर्षी मी दहा-अकरा फिनिक्स भरले असतील, हा नेमका कुठला तेही आठवेना, पण मशीन माझं, मग हात माझा.

आणि सासूबाई, मान वर न करता, सगळ्यांच्या देखत — "डोळा जिवंत आहे. शेपटीचं काय, कोणीही भरेल."

कोणीही भरेल! अख्ख्या गावाने वाखाणलेली शेपटी! सत्तावीस वर्षं त्या बाईबरोबर एका खोलीत काम केलं, माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही. आणि ज्या दिवशी जग म्हणालं, त्या दिवशी हे! त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, अजून ते वाक्य कानात आहे.

म्हणून पाटी हवी. बस.

२० सप्टेंबर, शुक्रवार

डोकं आणि मान झाली. काय जमलंय! टोचलेल्या कागदावरून पांढरी पूड मारली, रेघा उमटल्या, मशीनवर बसले आणि हात आपोआप चालला. आमच्या मशीनला कापड दाबणारा पाय नसतो. रिंग दोन्ही हातांनी फिरवायची, आणि सुई किती झुलवायची ते उजव्या गुडघ्याने दांडी ढकलून ठरवायचं. डोळ्याला गुडघा जेमतेम हलला पाहिजे. हलला! कानाई-सानांनी पाठवलेला मूळ डोळ्याचा फोटो शेजारी ठेवला, तंतोतंत. फुसाकोला बोलावून दाखवलं.

"डोकं तुझंच आहे," म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं?"

बाईला हरायचंच नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शेपटी भरली. चांगली आहे. पण ती नाही. फोटोतली मूळ शेपटी पिसापिसाला थरथरते, माझी इस्त्री केल्यासारखी. रीळ नव्या रंगाईचं, म्हणून असेल. जुन्या साठ्यातलं ७०४ शोधते.

२ ऑक्टोबर, बुधवार

जुनं रीळ मिळालं. शेपटी दुसऱ्यांदा. पुन्हा इस्त्री! सुई बदलली, तेल घातलं, कागद एकच ठेवून पाहिला. वेग कमी केला, वाढवला. वहीत लिहिलंय ते सगळं केलं. पंचेचाळीस वर्षं या मशीनवर आहे, मला शेपटी येत नाही असं होणारच नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

तिसरी शेपटी उसवत होते. योशिओ चहा घेऊन आला. माझा नवरा आयुष्यभर मागांची दुरुस्ती करत आला, भरतकामात त्याला गम्य नाही. मूळ शेपटीचा फोटो उचलून चष्मा कपाळावर सारला, भिंग लावलं.

"आई अशी जिना चढायची."

"काय?"

"हे बघ ना. एक टाका लांब, एक आखूड. थांबून पुन्हा लांब. उजव्या गुडघ्याने अशीच चढायची."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. त्यांच्या मशीनला दांडी डावीकडे होती. त्या पडल्या, गुडघा गेला, तेव्हा तूच तर डावीकडे बसवून दिलीस!

"एक नंबरला बसवली," योशिओ म्हणाला. "दोनला नाही."

आणि चहा ठेवून बागेत गेला. त्याला कळलंही नाही, काय बोलून गेला ते.

७ ऑक्टोबर, सोमवार

नाही. वहीत मशीन दोन लिहिलंय. अक्षर माझं आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस मशीनवर बसले नाही. आज किटली ठेवली आणि ४१२ चा नमुना वाफेवर धरला.

भरणारीला कापडाच्या समोरून कोणीही फसवेल, पाठीमागून नाही. मी धागा कापून मोकळा सोडते, आयुष्यभर. सासूबाई हाताच्या भरतकामातून आलेल्या, टोकाला गाठ मारल्याशिवाय त्यांना चैन नाही पडायचं. मीच हा नमुना पालथा करून, खळ लावून, पानावर दाबून बसवला होता! शहाणी!

खळ सुटली. उलटा केला. तीन गाठी. बारीक, तांदळाच्या कणीएवढ्या.

मग कपाट उघडून काझुयाच्या जन्माचं बाळंतपणाचं पुस्तक काढलं. १० मार्च, सकाळी सहा दहा. आई दाखल — ९ मार्च, संध्याकाळी. घरी — १७ मार्च. आणि जाकीट दिलं १२ मार्चला! दरवर्षी १० मार्चला वाढदिवसाचा लाल भात शिजवते आणि वहीतला १२ मार्च शंभरदा वाचलाय. दोन कागद कधी शेजारी ठेवले नाहीत. एक स्वयंपाकघराच्या कपाटात, एक कामाच्या खोलीत. एवढी नोंदी ठेवणारी बाई मी!

आता आठवतंय. डोळा भरून झाला, मी मान वर केली, आणि पहिली कळ आली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

फुसाकोकडे गेले. तीन गाठींचा नमुना तिच्या पुढ्यात ठेवला. ती जिंकल्यासारखी हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू गप्प बसली आहेस," म्हणाली. "पस्तीस वर्षं मनात म्हणत होते, काय कोडगी आहे ही!"

मग सगळं सांगितलं. ओनोचा खाक्याच होता — गल्लीतून मशीनचा आवाज ऐकायचा. एखादं मशीन आठवडाभर गप्प राहिलं की पुढचं काम दुसऱ्या घरी. दोन बंद पडलं असतं तर माझं काम गेलं असतं, बाळंतिणीला परत काम मिळवणं किती कठीण! म्हणून सासूबाई एकवर सकाळी बसायच्या आणि दुपारनंतर दोनवर. दोनची दांडी उजवीकडे. मोडक्या गुडघ्याने. "पीस संपलं की थांबायच्या, गुडघा चोळायच्या, पुन्हा. मी म्हटलं, योशिओला सांगून दांडी हलवून घ्या ना. तर म्हणे, आठ दिवसांनी तिलाच बसायचंय, तिची सवय कशाला मोडू?"

फुसाकोने चहा ओतला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

खरं लिहिते. सकाळभर वाटत होतं, गप्प बसावं. नमुना परत चिकटवावा. फुसाको बोलणार नाही, योशिओला कळलेलं नाही. पाटीवर माझं नाव, आयुष्यात पहिल्यांदा.

पण मग वह्यांचं काय? एक पान खोटं आहे हे माहीत असून एकतीस वह्या काचेत ठेवायच्या?

१४ ऑक्टोबर, सोमवार

कानाई-सानांना सांगितलं. बिचारे! पाट्या छापायला निघाल्या होत्या. "मग प्रतिकृती नाही होणार?" म्हटलं, डोकं होईल. शेपटी जगात कुणाला होणार नाही, मलाही नाही. डोकं आणि मान भरून बाकी नुसत्या पांढऱ्या पुडीच्या रेघा ठेवा. त्यांना ती कल्पना माझ्यापेक्षा जास्त आवडली.

घरी येऊन वहीत ४१२ च्या पानावर लाल शाईने दुरुस्ती केली. आणि प्रत्येक वहीत एक नवा रकाना आखायला घेतला — माणूस. आठवतात त्यांची नावं भरते. नाही आठवत तिथे फुसाकोला विचारते. तिला काल काय जेवली तेही आठवतं, म्हटलं!

३ नोव्हेंबर, रविवार

उघडलं! काय गर्दी! काझुया सहकुटुंब आला, फुसाको किमोनो नेसून मिरवत होती. पाटीवर दोन नावं — डोकं : कोगुरे इत्सुको. शेपटी : कोगुरे तोयो. सगळे शेपटीपाशीच थांबत होते. थांबू देत, आहेच तशी.

मूळ जाकीट मी पस्तीस वर्षांनी प्रत्यक्ष पाहिलं. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर काचेजवळ गेले. शेपटीचं एकेक पीस पाहिलं, कुठे थांबल्या ते मोजता येत होतं. मग वर पाहिलं. डोळा माझ्याकडेच बघत होता.

४ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे जाग आली ती एकदम उठूनच बसले. "डोळा जिवंत आहे. शेपटीचं काय, कोणीही भरेल." डोळा माझा होता! शेपटी त्यांची होती! सगळ्या गावादेखत त्यांनी माझं कौतुक केलं होतं — आणि मी पस्तीस वर्षं त्याच वाक्यासाठी त्यांच्याशी भांडतेय.