मोटारीची अठाई

॥ श्री ॥
वारूळवाडी, श्रावण वद्य नवमी, शके १८५३

चि. सौ. झमकूस, पन्नालालचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, एक मोटार सोडून.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. द्वादशीपासून तू अठाई धरणार, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढणार, हे ऐकून तिचे डोळे भरून आले. पंचमीला तुझं पारणं आईच्याच हातून व्हावं ही तुझी इच्छा मी पुरी करणार. बैलगाडीचे हिसके तिच्या कमरेला सोसत नाहीत, म्हणून नऊ वर्षांत तिला लोणीला तुझ्या घरी येता आलं नाही. तेवढ्यासाठीच तर जुन्नरच्या डॉक्टरांची ही जुनी छोटी मोटार घेतली.

पण तिने अजून नारायणगावची वेस ओलांडलेली नाही. वेशीजवळ आली की पाणी उकळतं आणि नाकातोंडातून वाफ सोडत बसते. आपले शेजारी भिमाजीभाऊ स्वतःच्या विहिरीवरचं इंजिन सांभाळतात, म्हणून त्यांना दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की राव, ही मोटार न्हाई, न्हाणीतला बंब हाये. इंजिनात पाणी फिरवणारा पंप झिजला आहे म्हणे. मुंबईहून नवा मागवला आहे. कारागीर कशाला हवा? आम्ही दोघं अंगणातच बसवू.

आईची एकच अट आहे. गाळल्याशिवाय मोटारीला पाणी पाजायचं नाही. रोज सकाळी मी गळणं धरतो आणि भिमाजीभाऊ ओततात. सारी आळी बघायला जमते.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो उपवासातही कमी करू नकोस.
तुझा दादा,
पन्नालाल

॥ श्री ॥
लोणी, श्रावण वद्य चतुर्दशी

ती. दादास, झमकूचा शि. सा. नमस्कार. आज माझा तिसरा उपवास. प्रकृती ठीक आहे, फक्त शेजारच्या साळुबाई भाकरी थापायला लागल्या की मी देवाचं नाव जरा मोठ्याने घेते.

तुझ्या मोटारीला उगीच नावं ठेवू नकोस. गाळलेलं पाणी घेते, तेही उकळून घेते आणि गावाची वेस ओलांडत नाही. तिनेही अठाईच धरली आहे! माझ्याबरोबर तिचंही पारणं करू. घरच्या घरी पंप बसवणार हे वाचून मात्र हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आपलं भिंतीवरचं घड्याळ तू दुरुस्त केलंस तेव्हा तीन चाकं उरली होती, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

आता थट्टा पुरे. दादा, मला खरंच आई हवी आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज मला ठाऊक आहे. नऊ वर्षं झाली, माझी ओटी रिकामीच आहे, त्याला मी काय करू? आईने आपलं पाणी आपल्याबरोबर आणावं, मी वाईट वाटून घेणार नाही. पण वाईट वाटतं, हे तुझ्यापाशी लिहिते. तिला सांगू नकोस. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा तिने मला भरवला की मला सगळं पोचलं. ती येईपर्यंत मी पारणं करणार नाही, मग तू बसव पंप नाहीतर मोटार डोक्यावर घेऊन ये.

भंवरीवहिनीला नमस्कार. तुझ्या मायेची भुकेली (आता तर सगळ्याचीच भुकेली),
झमकू

॥ श्री ॥
वारूळवाडी, भाद्रपद शुद्ध द्वितीया

चि. सौ. झमकूस आशीर्वाद. विजय! पंप बसला!

काल पार्सल आलं आणि आम्ही लगेच कामाला लागलो. पंपाला चार बोल्ट. तीन मुकाट्याने निघाले. चौथा असा गंजला होता की भिमाजीभाऊ पान्यावर उभे राहिले, मी त्यांच्या कमरेला मिठी मारून ओढलं, आणि बोल्ट सुटला तेव्हा आम्ही दोघं तुळशीपाशी जाऊन पडलो. भंवरीने आधी तुळस पाहिली, मग आम्हाला.

नवा पंप आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी झिरपू नये म्हणून एक चकती लागते. जुनी फाटली. भाऊ म्हणाले की आमच्या जुन्या मोटेचं कातडं हाये, लई टिकंल. आईने ते खिडकीतून ऐकलं. मोटारीच्या बैठकीवरचं कातडं काढून तरट घालायला लावणारी ती, इंजिनात तरी कशी चालू देईल? कातडं असेल तर लोणी नको, असं म्हणाली. मग पंपाच्याच खोक्याचा जाड पुठ्ठा कापला, त्याला साबण चोळला आणि बसवला. नारायणगावापर्यंत जाऊन आलो, एक थेंब गळला नाही!

एक बोल्ट उरला आहे. तो जपून ठेवला आहे. तुझ्या गुलाबचंदजींना सांगू नकोस.

पंचमीला सूर्य उगवला की निघतो. आईने कळशी घासून ठेवली आहे. भेटीअंती सर्व लोभ समक्षच.
पन्नालाल

॥ श्री ॥
लोणी, भाद्रपद शुद्ध सप्तमी

सौ. भंवरीवहिनीस, झमकूचा नमस्कार आणि मिच्छामि दुक्कडं. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर. पुढे जे मागणार आहे त्याचीही आत्ताच कर.

माणसं सुखरूप पोचली, पण दुपारी. मंचरपर्यंत दादा गात आला म्हणे. पुढे तो पुठ्ठा भिजून विरघळला आणि लोणी तीन मैलांवर असताना मोटार कोरडी पडली. आमच्याकडे यंदा पावसाने दडी मारली आहे, ओढ्यात खडे तेवढे आहेत. मोटारीत पाणी एकच होतं, आईच्या कळशीतलं. तिलाही आदल्या दिवशीचा, संवत्सरीचा उपवास होता, तिचं पारणंही त्याच पाण्यावर व्हायचं होतं. दादा सांगतो, तिने एकदा वर सूर्याकडे पाहिलं, पोरगी उपाशी बसली असेल म्हणाली आणि सगळी कळशी स्वतः मोटारीत ओतली.

मोटार तेवढ्यावर आली आणि दारात मोठा सुस्कारा टाकून थांबली. आईने मला मुगाचं पाणी भरवलं. मी रडत होते, त्यात तिचे सुकलेले ओठ दिसले. पाणी पुढे करायची माझी छाती होईना. तीच मोटारीकडे बघून पुटपुटली की ही माझं पाणी प्याली, आता मी कुठे जाऊ? आणि माझ्या हातून पेला घेतला. वहिनी, नऊ वर्षांनी! पहिल्या पेल्याचा दोष तिने मोटारीला दिला. दुसरा मात्र मागून घेतला. आज तिसरा दिवस, रोज मोटारीला शिव्या देते आणि माझ्या हातचं पाणी पिते.

दादा मोटारीखाली पडलेला असतो. कातड्यावाचून गत्यंतर नाही, हे आता आईनेही कबूल केलं आहे. ते घेऊन या असा त्याने भिमाजीभाऊंना निरोप धाडला आहे, तो पोचला असेल. वहिनी, तुझ्या पाया पडते, भाऊ अजून निघाले नसतील तर त्यांना दिवाळीपर्यंत निघू देऊ नकोस.

नणंदेवर लोभ असू दे, आणि ते कातडं कुठेतरी लपवून ठेव.
तुझी,
झमकू