हिरव्या बनातीची पेटी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
ता. ३ जून १९३४

चि. सौ. रुद्राणीस सिद्धाप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. दोन महिन्यांत तुझे पत्र नाही, त्यावरून तुम्हीही खुशाल असावे असे समजतो. तक्रार असली की तुझे पत्र लगेच येते.

मोटार घेतली. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची आहे, काळी कुळकुळीत. पेठेत सुताचे व्यापारी पंधरावीस आहेत, पण मोटार फक्त माझ्या दारी. परसातला म्हशींचा गोठा पाडून मोटारखाना बांधला. म्हशी तुझी वहिनी चंद्रव्वा हिच्या माहेरी पाठवल्या. चंद्रव्वा दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. अव्वाला मोटार दाखवली, तर म्हैस विकत घेताना फिरवतात तसा तिने पुढून मागपर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, की तांबडा रंग हिला शोभतो. सगळे पोट धरून हसले. म्हाताऱ्या आईला मोटारीतले काय कळणार!

तुझे घर बघायचे म्हणून अव्वाने टुमणे लावले आहे. गिरणीतली नोकरी सोडून खेड्यात विहिरींवरची इंजिने खोलत बसणाऱ्याच्या घरी आमच्या घरची बाई बैलगाडीतून हादरत जावी, हे मला कधी पटले नाही. मोटारीने जाण्यात मात्र कमीपणा नाही. पण हत्यारांची पेटी बरोबर असल्याशिवाय गावाबाहेर मोटार काढू नये, असे चालवायला शिकवणाऱ्याने बजावले आहे. हल्लीची नवी पेटी म्हणजे पत्र्याचा डबा. मला जुनी, वापरलेली, पण मोटारखान्यात शोभेल अशी भारदस्त हवी. तुझ्या घरच्यांना बाजारात बघायला सांग. तसल्या तेलकट वस्तू त्यांना कळतात. पेटी आली की अव्वाला घेऊन येतो.

ते सांगायला आले तर मागच्या बोळाने यावे. पुढे गादीवर गिऱ्हाइके असतात.

कळावे. लोभ आहेच, वाढवण्याची घाई नाही. हे आशीर्वाद.

सिद्धाप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

कुंभारी
ता. ८ जून १९३४

ति. अण्णांचे चरणी रुद्राणीचे शरणार्थ. वि. वि.

पत्र पोचले. माझ्या घरच्यांना नाव आहे. सोमलिंग. अप्पांनी स्वतः पसंत केलेला जावई आहे, आणि लग्नाच्या पत्रिकेवर ते नाव तुम्ही तुमच्याच हाताने लिहिले होते. विसरला असाल म्हणून पुन्हा लिहिले.

अप्पा गेल्यापासून सात पंचम्या झाल्या. नागपंचमीला इथल्या प्रत्येक सुनेचा भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला येतो. धनगरांच्या केराबाईचा भाऊ मायाप्पा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून येतो. माझा भाऊ मात्र सुताचा मोठा व्यापारी पडला, त्याला सूत सोडवत नसावे. आता मोटारीला पेटी मिळाली म्हणजे बहिणीची आठवण होणार! मला तेही चालेल. वहिनींनी मागे कळवले होते, की अव्वाला सुईत दोरा ओवता येत नाही. तिला दिसते आहे तोवर तिने माझे घर डोळ्यांनी बघावे, एवढेच मला हवे आहे. दार हिरवे रंगवले आहे. समोरच्या भिंतीवर अप्पांचा मोठा फोटो लावला आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत काढलेला आहे, तुमच्याकडेही तसला नाही.

तर पेटी. निंगप्पा मिस्त्रींनी गिरणीतले काम सोडले, त्यांची पेटी मंगळवारच्या बाजारात ठेवली आहे. सागवानी आहे, तेलाने काळी पडली आहे, एका बिजागरीच्या जागी लोखंडी पट्टी आहे. ह्यांनी पाऊण तास बघितली. ह्यांचे म्हणणे असे, की पेटीचे झाकण बघू नये, बूड बघावे. पान्याचा दांडा हातांनी गुळगुळीत झालेला असावा आणि जबडा घट्ट असावा. प्रत्येक हत्याराला लाकडात त्याचे घर कोरलेले असावे, म्हणजे एखादे हरवले तर लगेच समजते. आणि ज्याला पेटीत हात घालून हात काळे करायचे नसतील त्याने पेटी घेऊच नये. हे शेवटचे माझे आहे. हे असे बोलत नाहीत, म्हणून तर तुमच्याशी सात वर्षे निभावले.

कळावे. लोभ शिल्लक असल्यास अव्वाबरोबर पाठवावा.

रुद्राणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
ता. २२ जून १९३४

चि. सौ. रुद्राणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

निंगप्पाची पेटी लांबूनच बघितली. लांबूनच वास आला. ती पेटी माझ्या मोटारखान्यात ठेवली असती तर म्हशी परत आल्या असे वाटले असते. पट्टी मारलेली बिजागरी! माणसाने आपली पायरी ओळखून वस्तू सुचवावी, पण पायरीच तेवढी असेल तर त्याचा तरी काय दोष?

मी माझी पेटी स्वतः निवडली. इथल्या एका साहेबाच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला, तिथे मिळाली. कोपऱ्यांना पितळ, आत हिरव्या बनातीचे मऊ अस्तर, झाकणावर साहेबाची आद्याक्षरे. हातोडी, हातभर लांब कानस, दोन मोठ्या सांडश्या, वाकड्या पात्याच्या सुऱ्या, चपट्या डोक्याचे खिळे आणि वर लोखंडाची तिपाई! काही म्हणता काही कमी नाही. गादीवरच्या लोकांना उघडून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या.

पेटी जड आहे, म्हणून तुझ्या घरच्यांना निरोप पाठवून बोलावले आणि त्यांच्याकडून मोटारखान्यात ठेवून घेतली. त्यांनी झाकण उघडले, बराच वेळ आत बघितले, एकदा माझ्याकडे बघितले आणि झाकण लावले. एक शब्द बोलले नाहीत. बोलणार काय! उभ्या जन्मात असली पेटी बघितली नसेल. परसात चहा पाठवला होता.

ता. ८ जुलैच्या रविवारी अव्वाला घेऊन येतो. मोटार उभी करायला सपाट जागा करून ठेवावी, आणि शेळ्या लांब बांधाव्या.

कळावे. आशीर्वाद आहेतच.

सिद्धाप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

कुंभारी
ता. २७ जून १९३४

ति. अण्णांचे चरणी शरणार्थ. वि. वि.

तुमच्याकडून आल्यावर पेटी कशी आहे म्हणून ह्यांना विचारले. जड आहे, एवढेच म्हणाले. चहाचे विचारले तेव्हा समजले, की कान तुटलेल्या कपातून आला होता. अण्णा, तो कप मी ओळखते. गड्यांना चहा द्यायला तो वेगळा ठेवलेला असतो. पितळी कोपऱ्यांच्या घरात जावयाला द्यायला एक धड कप निघू नये, याची मला लाज वाटली. तुम्हाला वाटणार नाही, म्हणून तुमच्या वाटचीही मीच वाटून घेतली.

निंगप्पा मिस्त्रींची पेटी आमच्या घरी आली. तुम्ही लांबूनच नाक मुरडलेत हे त्यांना कळले. पेटीत कोपरापर्यंत हात घालून बघणारा एकच भेटला, तर त्यालाच ती जावी, असे म्हणून त्यांनी ती ह्यांना देऊन टाकली.

रविवारी शेंगापोळ्या करते. अव्वाला पुढे बसवा, म्हणजे तिला रस्ता दिसेल. मी सकाळपासून दारात उभी असेन. तुमच्यासाठी नव्हे.

कळावे. आहे तो लोभ रस्त्यात सांडू नये.

रुद्राणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ जुलै १९३४

सौ. रुद्राणीस. वि. वि.

आशीर्वाद लिहायची इच्छा नाही. कालचा प्रकार तू अव्वाच्या तोंडून ऐकलाच असशील, आता माझ्याकडून ऐक.

कुंभारी अर्धा मैल राहिली असताना मागचे चाक डुगडुगू लागले. उतरून बघितले, तर चाकाचे नट ढिले. नुसते आवळायचे काम. मी रस्त्यातच पेटी उघडली. सांडशीने धरावे तर सांडशी घसरते. सुऱ्या कशाला, कळेना. तिपाई कशाला, कळेना. नट आवळायचा पाना एवढ्या मोठ्या पेटीत एकसुद्धा नाही! तेवढ्यात मेंढरे घेऊन केराबाईचा भाऊ, तुमचा तो मायाप्पा आला. त्याने पेटीत डोकावून मला विचारले, की घोडं कुठाय. मी म्हणालो, कसले घोडे? तर तो रस्त्यात बसून हसू लागला. ही नालबंदाची पेटी, म्हणाला. सुरी खूर तासायची, कानस खूर घासायची, तिपाईवर घोड्याचा पाय ठेवायचा. साहेबाच्या तबेल्यातली पेटी मी मोटारीला घेतली होती! त्याची मेंढरेसुद्धा तोंड वर करून बघत होती असे मला वाटले.

अव्वाने हे सगळे ऐकले, दार उघडून खाली उतरली आणि मायाप्पाचा हात धरून चालू लागली. सिद्धाप्पाची आई धनगराचा हात धरून, भर रस्त्याने! मी हाका मारल्या, तिने मागे बघितले नाही. थोड्या वेळाने तुझे घरचे ती काळी पेटी खांद्यावर घेऊन आले. पान चघळून होण्याच्या आत चारही चाके आवळली, पेटी उचलली आणि गेले. तशा तोंडाने मी तुझ्या दारात येणार नव्हतो. मागे फिरलो.

आता माझा प्रश्न. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडून बघितली होती. त्यांना तेव्हाच कळले होते. मग बोलले का नाहीत? चाक निखळले असते, अव्वा आत होती. असा खुनशी मनुष्य अप्पांनी जावई म्हणून निवडला. याचे उत्तर हवे, आणि अव्वाला लगेच पाठवावे.

सिद्धाप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

कुंभारी
ता. १६ जुलै १९३४

ति. अण्णांचे चरणी शरणार्थ. वि. वि.

तुमचा प्रश्न मी ह्यांना आधीच विचारला होता. तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात विचारला. अव्वा त्या मोटारीत होती, हे मला अजून सहन होत नाही. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की मला पेटी उचलायला बोलावले होते, बघायला नव्हे. रोज वाट बघितली, अण्णा एकदा विचारतील, पेटी कशी आहे. विचारले असते तर तिथल्या तिथे सांगितले असते. मी म्हटले, असला मान चुलीत घाला. त्यांनी मान खाली घातली. चूक झाली म्हणाले. म्हणजे ह्या घरातल्या माणसाला तेवढे तरी म्हणता येते.

आता अव्वाचे ऐका. ती दारातून आत आली. हिरवे दार बोटांनी चाचपले. भिंतीपाशी गेली, फोटोपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि मला म्हणाली, की समोरची भिंत मोकळी का ठेवलीस, अप्पांचा फोटो तरी लावायचास. अण्णा, मी फोटो काढून तिच्या हातात दिला. ती काचेवरून हात फिरवत बसली. मोटारीवरून फिरवला होता तसाच फिरवत असेल. तुम्ही सगळे हसला होतात ना?

पुढचे अव्वा सांगते तसे लिहिते. तिच्याच बोलीत लिहिते, सुधारून घेऊ नये.

सिद्धाप्पा, मी हितं सुखात हाय. काळजी करू नगंस. तुजी मोटार तांबडी न्हाय म्हनं, काळी हाय. मला कुटं दिसतंय? संक्रांतीपासनं उजेड कुटला आन् अंधार कुटला, तेवढंच कळतंय. तुला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, दिसत न्हाय तर कुंभारीला जाऊन काय बघनार? म्हनून गप बसले. हितं समदं हातानं बघितलं. भिंत बघितली, चूल बघितली, जावयाची ती पेटी बघितली. लई चांगली हाय. जिथलं हत्यार तिथं हाय, माज्यासारख्या आंधळीलाबी घावतंय. तुज्या पेटीतबी हात घातला हुता मी, तू दुकानात हुतास तवा. मऊ लागली. कामाच्या पेटीत मऊ कशाला, आसं मनात आलं हुतं, पन मला कोन इचारतंय. आता पंचमी आली. पोरीला न्यायला भाऊ येतो. तू आलास तर तिच्यासंगं मी येते, न्हाय तर आमी दोगी हितंच बऱ्या हाय.

अव्वाचे संपले. आता माझे. अण्णा, हे गप्प बसले, अव्वा गप्प बसली, म्हशी गेल्या तेव्हा वहिनी जेवायच्या थांबल्या पण गप्प बसल्या. तुमच्यापुढे सगळे गप्प बसतात, आणि तो तुम्हाला तुमचा मान वाटतो. तुम्ही लिलावात पितळ निवडत होतात, तेव्हा अव्वाचे डोळे गेलेले होते. यापलीकडे तुमच्याविषयी मला काही लिहायचे नाही.

कळावे. लोभ मागायची ही वेळ नव्हे.

रुद्राणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
ता. ७ ऑगस्ट १९३४

राजमान्य राजेश्री सोमलिंगराव यांस सिद्धाप्पाचे शरणार्थ. वि. वि.

तीन आठवडे पत्र लिहायला घेत होतो. रुद्राणीला लिहिण्याइतके धैर्य नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. तुम्ही कमी बोलता.

काल मोटारखान्यात बसून डोळे मिटले आणि पेटीत हात घालून बघितला. काय कुठे आहे काही कळेना. वाकडी सुरी बोटाला लागली. चंद्रव्वाने हळद लावली, आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, की म्हशी परत आणाव्यात. आणणार आहे, जागा होईल तिथे बांधू. पेटी मात्र विकणार नाही. ती मला रोज दिसलेली बरी. त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले नाही, हा दोष माझा, पूर्ण माझा. कान तुटलेला कप फोडून टाकला.

पंचमीच्या आदल्या दिवशी रुद्राणीला न्यायला मुराळी म्हणून येतो. बैलगाडीने येतो. तुम्हीही तिच्याबरोबर चलावे आणि पुढच्या दाराने यावे. गादीवर गिऱ्हाइके असतील, त्यांच्यासमोरच यावे. येताना तुमची पेटी आणावी. प्रत्येक हत्याराचे नाव मला सांगावे, मी हात घालून बघेन.

मोटार आणत नाही, तिची अडचण अशी आहे, की ती सध्या रंगाऱ्याकडे आहे. अव्वाला सांगा, तांबडी करायला दिली आहे.

कळावे. लोभ मागण्याचा हक्क नाही, तरी मागतो.

आपला,
सिद्धाप्पा