शेवंतीची रजा विचाराधीन

२ ऑक्टोबर १९९९, शनिवार. अबू धाबी.

आज गांधी जयंती. इथे त्याचं कुणाला काही नाही. अरुण मुसफ्फाला फॅक्टरीत, सूनबाई स्मिता बँकेत, नात शाळेत. घरात मी, एसीची घरघर आणि शेवंती. म्हणून ठरवलं, आजपासून रोज लिहायचं. इंग्रजीत लिहिलं तर ईशानी वाचेल. मराठी तिला धड वाचता येत नाही, तेव्हा मराठीतच.

संध्याकाळी सात. डोकं फिरलं आहे. ईशानीच्या शाळेत तीन नोव्हेंबरला डिबेट. विषय असा की, १७८७ साली अमेरिकेची घटना लिहिताना गुलामगिरीचा निकाल पुढे ढकलला ते योग्यच झालं. चिठ्ठ्या काढल्या आणि आमच्या राणीसरकारांना 'योग्यच झालं' ही बाजू आली. माणसं विकणाऱ्यांची वकिली माझ्या नातीने करायची? प्रिन्सिपलला पत्र लिहिणार. कॉन्व्हेंटमध्ये असताना इंटर-हाउस डिबेटची ढाल माझ्यामुळे आमच्या हाउसकडून हलली नव्हती. ईशानी म्हणाली, "आजी, रिलॅक्स. इट्स जस्ट अ साइड."

जस्ट अ साइड म्हणे!

३ ऑक्टोबर

पत्र लिहिलं नाही. शांतपणे विचार करता लक्षात आलं की शत्रूची बाजू आतून ओळखल्याशिवाय तिचा फोलपणा कळत नाही. तेव्हा तयारी मीच करून घेणार. रोज साडेपाच ते सात.

५ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेच्या लायब्ररीतलं जाडं पुस्तक दोन दिवसांत संपवलं. संताप, संताप. ऱ्होड आयलंडचे व्यापारी वेस्ट इंडीजहून उसाची काकवी आणायचे, तिची रम गाळायचे, रम आफ्रिकेला न्यायचे, तिथून माणसं भरून पुन्हा वेस्ट इंडीजला. त्यांना विकून पुन्हा काकवी. आणि हेच लोक इंग्रजांनी कर लावला की ओरडायचे, आम्हाला गुलाम करता काय! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर एक कडक परिच्छेद होता. दक्षिणेकडच्यांची नाराजी नको म्हणून तो कापून टाकला. सह्या मात्र किती ऐटीत केल्या आहेत.

चहा देताना शेवंतीने विषय काढला. वेंगुर्ल्याला तिच्या आईने अंथरूण धरलंय. "माका एकदा तिका बघूक जावचा आसा, आजीनू. माझो पासपोर्ट कधी गावतलो?"

शेवंतीला आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे आणली. आणली म्हणजे, ती आली. पासपोर्ट अरुणच्या ऑफिसच्या सेफमध्ये असतो. इकडे सगळेच तसं करतात, हरवू नये म्हणून. माझाही तिथेच आहे, पण ती गोष्ट वेगळी.

तिला शब्द दिला. आज रात्री जेवताना अरुणशी स्पष्ट बोलणार. स्पष्ट म्हणजे स्पष्ट.

६ ऑक्टोबर

बोलले नाही. अरुणचा चेहरा उतरलेला होता, कुठलंसं शिपमेंट अडकलंय. थकल्या माणसासमोर असा विषय मांडला तर विषयाचंच नुकसान होतं. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बोलले. अरुण पेपर वाचत होता. मी म्हटलं, शेवंतीच्या मनात गावी जाऊन यायचं आहे, बघू आता कसं जमतंय ते. तो म्हणाला, "हं." म्हणजे विषय योग्य टेबलावर पोचला आहे.

शेवंतीला सांगितलं, विचार चालू आहे. तीस वर्षं इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये काढली. 'नाही' हा शब्द आम्ही कधी कुणाला लिहिला नाही. 'आपला दावा विचाराधीन आहे' असं लिहायचं. वाचणाऱ्याचा मान राहतो.

१२ ऑक्टोबर

ईशानीची तयारी जोरात. आजचा मुद्दा: अमेरिकेच्या त्या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही नाही! 'व्यक्ती' म्हटलंय. 'सेवेस बांधलेली व्यक्ती.' केवढी लबाडी! ईशानीला म्हटलं, ज्याची लाज वाटते त्याला माणूस नवीन नाव देतो. तिने वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "बट आजी, दॅट्स द अदर साइड्स पॉइंट."

खरंच की. खोडायला लावलं.

आमच्याकडे 'मोलकरीण' शब्द मी चालू देत नाही. शेवंती आमच्या घरचीच आहे. पाहुण्यांना मी तसंच सांगते.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

समोरच्या फ्लॅटमधल्या विभावरीकडे भोंडला. तिची केरळी बाई भर उकाड्यात बाल्कनीत खिरापतीचा नारळ खवत बसलेली. मला राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत विभावरीला विचारलं, हिचा पासपोर्ट कुणाकडे असतो? म्हणाली, "आमच्या ह्यांच्याकडे. का हो काकू?" मग मी फिलाडेल्फियापासून, म्हणजे ती घटना जिथे लिहिली गेली तिथपासून, सुरुवात केली. स्वातंत्र्याच्या गप्पा दिवाणखान्यात आणि माणसं कुलपात, असं एक वाक्य मला फार सुरेख सुचलं.

विभावरी खिरापत वाटता वाटता म्हणाली, "आणि तुमच्या शेवंतीचा?"

काही लोकांना तत्त्वाची चर्चा झेपत नाही, लगेच व्यक्तिगत होतात. तशीच उठून घरी आले. खिरापतीत गूळही कमी होता.

१७ ऑक्टोबर

ठरवलं: दसऱ्याला पासपोर्ट मागायचा. मुहूर्त चांगला.

१९ ऑक्टोबर, दसरा

सणाच्या दिवशी वाद नको.

शेवंतीने पुरणपोळ्या केल्या, अगदी मऊसूत. ताट वाढताना म्हणाली, आवस, म्हणजे तिची आई, आता माणसं ओळखत नाही असं भाऊ सांगत होता. "माका ओळखतली. माझो आवाज ऐकल्यान काय ओळखतली." मी तीस दिरहमचं फोनकार्ड मागवलं, म्हणजे साडेतीनशे रुपये, आणि तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, आवाजच ऐकवायचा ना, मनसोक्त ऐकव. तिने कार्ड घेतलं, मान खाली घालून पुढची पोळी वाढली. संकोची आहे.

स्मिताला कार्डाचं सांगितलं. "आई, यू आर टू गुड," म्हणाली.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज डिबेटमधला सगळ्यात अवघड प्रश्न सोडवला. गुलामगिरी वाईट आहे हे १७८७ साली जमलेल्यांतल्या पुष्कळांना कळत होतं, मग तेव्हाच का नाही संपवली? ईशानी पेन चावत बसली होती. मी बोलायला लागले आणि मला थांबताच येईना. आधी घर उभं राहू दे, मग आतल्या खोल्या लावता येतात. दक्षिणेची राज्यं उठून गेली असती तर घटनाच झाली नसती, मग गुलामांना तरी काय मिळालं असतं? 'नाही' कुणीच म्हटलं नव्हतं, फक्त आत्ता नको म्हटलं होतं. वीस वर्षं गुलामांची आयात चालू ठेवली, ती वाट नीट करण्यासाठी. आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांच्याच हितासाठी सबुरी हवी होती.

ईशानी बघतच राहिली. "आजी, धिस इज सो गुड. हाउ डू यू इव्हन थिंक ऑफ धिस?" म्हटलं, अनुभव लागतो.

शेवंती दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, कसला भाषण? मी म्हटलं, अमेरिकेचं.

अरुणशी बोलायचं राहिलं. डिबेट होऊ दे. घरात परीक्षेसारखं वातावरण आहे आणि माझे गुडघे म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक करणारे गुडघे नव्हेत. हे कारण नव्हे, ही वस्तुस्थिती आहे.

२७ ऑक्टोबर

मसाच्युसेट्समधल्या एका बाईची गोष्ट वाचली. गुलाम होती. मालकाच्या घरी पुढारी जमायचे, सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत म्हणायचे, आणि ही तिथेच वाढायला. तिने ते ऐकलं, सरळ वकील गाठला, खटला भरला आणि जिंकली. अंगावर काटा आला. डोळे भरून आले. अशा बाईच्या पाठीशी मी उभी राहिले असते, समाज काय म्हणेल याची पर्वा न करता.

ईशानीला हे सांगितलं नाही. आपल्या बाजूला अडचणीचं आहे.

दुपारी शेवंतीने पुन्हा विचारलं. आज थोडी चढ्या आवाजात. "तुम्ही सायबांका सांगितलास काय नाय, आजीनू? खरा सांगा." मला तो सूर आवडला नाही. म्हटलं, सांगितलंय. दिवाळीचा फराळ उरकला की तू मोकळी. इन्शाल्ला, म्हटलं. इथे आल्यापासून हा शब्द फार उपयोगी पडतो.

३ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो!!

ईशानी अप्रतिम बोलली. माझं प्रत्येक वाक्य. 'आधी घर उभं राहू दे' ला टाळ्या. पलीकडच्या बाजूला एक बारीक चणीची, जाड चष्म्याची मुलगी होती, तिने उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला: मग योग्य वेळ कुणी ठरवायची, आणि ती आली हे ज्याला थांबवलं त्याने कसं ओळखायचं? ईशानी एक क्षण अडखळली. तेवढ्यात बेल झाली. वेळेचं नियोजन महत्त्वाचं असतं ते असं.

कप शोकेसमध्ये ठेवला. शेवंतीने फडक्याने पुसून ठेवला.

उद्या चकल्या आणि करंज्या. दिवाळी रविवारी. सोमवारी सकाळी पहिलं काम पासपोर्ट.

४ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार

साडेबाराला फोन आला. शेवंतीच्या भावाचा, प्रल्हादचा. त्याने नाव सांगितलं आणि तेवढ्यावरच मला समजलं. पहाटे गेली. तासाभरात उचलणार, कुणासाठी थांबायचं नाही म्हणाला. शेवटच्या दिवसांत दार वाजलं की शेवंती आली का विचारायची, म्हणाला. हे त्याने सांगायला नको होतं.

शेवंती चकल्या तळत होती. कढईत घाणा पडलेला, तेल कडकडीत. अशा वेळी बातमी सांगणं धोक्याचं, हात भाजला असता. म्हटलं, हा घाणा निघू दे. तो निघाला तर तिने पुढचा टाकला. मग म्हटलं, एवढं पीठ संपू दे. मी स्टुलावर बसून बघत राहिले. तिने मध्येच एक चकली मोडून मला दिली. "बघा हो, आजीनू, कुसकुशीत झाली?" मी खाल्ली. झाली म्हटलं.

पीठ संपल्यावर सांगितलं. तिने गॅस बंद केला. झाऱ्या धुवून ठेवला. मग तिथेच ओट्याखाली बसली.

५ नोव्हेंबर

सुतक वगैरे मी मानत नाही. दुसऱ्या घरांनी बाईला स्वयंपाकघराबाहेर बसवलं असतं. मी तिला म्हटलं, तू खुशाल सगळ्याला हात लाव, आमच्याकडे तसलं काही नाही. तिने करंज्या केल्या. दोघीतिघींनी फोनवर माझ्या पुरोगामीपणाचं कौतुक केलं.

करंज्या कुणी खाल्ल्या नाहीत. ईशानीने डबा उघडला आणि पुन्हा लावला.

६ नोव्हेंबर, शनिवार

अरुणने आज ऑफिसातून येताना पासपोर्ट आणला. मी न सांगता. मी त्याला म्हटलं, इतके दिवस तू ऐकलं नाहीस. तो बुटाची लेस सोडता सोडता थांबला. म्हणाला, "आई, तू मागितलास कधी? तू म्हणालीस शेवंतीच्या मनात आहे, बघू. मला वाटलं, तुलाच नकोय ती जायला. सेफची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असते. सरळ म्हणाली असतीस तर दुसऱ्या दिवशी आणला असता."

त्याला आठवत नसेल. मी मांडला होता विषय. आठ तारखेला. वर तसं लिहिलेलं आहे.

पानं मागे उलटून वाचलं. मी 'बघू' म्हटल्याचं लिहिलं आहे.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काही लिहिण्यासारखं नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर पासपोर्ट जेवणाच्या टेबलावरच पडून होता. शेवंती रोज टेबल पुसते. पासपोर्ट उचलते, खालचं पुसते, पुन्हा तिथेच ठेवते. शेवटी आज सकाळी मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, हा घे, तुझा आहे. तिकीटही आम्ही काढतो. सोमवारची फ्लाइट आहे. यल्ला, बॅग भर. जरा हसरं बोलायचा प्रयत्न केला.

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता कोणाक बघूक जाव, आजीनू? ऱ्हवांदे तुमच्याकडेच."

मी म्हटलं, बरं.

माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला आहे. सेफपेक्षा ते बरं. ती मागेल त्या क्षणी देणार. कुणालाही न विचारता, त्या क्षणी.

सकाळपासून दोनदा तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. ती मागत नाही.