टबाला दोन हात

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नव्या घरात सामान लागलं. नवं आपलं म्हणायला, बाकी सगळं जुनंच. न्हाणीघरात ओतीव लोखंडाचा टब आहे, हत्तीच्या पिल्लाला अंघोळ घालता येईल एवढा. आतला पांढरा मुलामा झिजलाय, नळाखाली गंजाचा ओघळ. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलंय. पण त्या म्हणतात, या पिंपात पाय ठेवला तर नाव बदलीन. नवा आणावा, तर हा बाहेर काढायला दाराची चौकट फोडावी लागेल. म्हणून मीच रंगवणार आहे. काय काय करू, लिहा. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू खुर्ची रंगवलीस आणि लगेच तिच्यावर बसलीस, ते आठवलं. असो. टब आणि भिंतीच्या फटीत भरलेलं कडेचं जुनं सीलिंग खरवडून काढ. धुण्याच्या सोड्याने टब तीनदा घास; साबणाचा थर आपल्याला दिसत नाही, रंगाला दिसतो. मग ओला पॉलिशपेपर मार, पूर्ण चकाकी जाईपर्यंत. टबासाठी दोन डबे एकत्र करायचा रंग मिळतो, तोच घे. खिडकी उघडी, तोंडावर मास्क. पातळ दोन हात दे आणि आठ दिवस पाण्याचा थेंब नको. घाई करू नकोस. ती तुला आईकडून मिळाली आहे, माझ्याकडून नाही.

तुझे
बाबा

२५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. टब एकदाच घासला. दंड भरून आला म्हणून पॉलिशपेपरही अर्ध्यावर सोडला. काल पाणी भरलं आणि रंग फुगून त्याची सालपटं तरंगायला लागली. हे मिशीतल्या मिशीत हसले. सासूबाई तर आता टबाकडे बघतसुद्धा नाहीत, आणि जिना उतरणं त्यांनी सोडूनच दिलंय. चार दिवस याल का? माझ्या एकटीने हे निभणार नाही.

रागवा, पण मनापासून नको.
ठकू

१ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. पण मी येऊन काय करणार? चाळीस वर्षं बसगाड्या रंगवल्या; आजारपणापासून उजवा हात असा थरथरतो, की चहाची बशी वाजते. वर्षभरात ब्रश हातात धरला नाही. तुझ्या सासरच्यांसमोर माझं हसं व्हायला नको. चांगला माणूस बघून करून घे.

बाबा

५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंनी माझ्या हातातून घेऊन वाचलं. तुम्हाला निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: त्यांचा हात आणि माझे गुडघे, दोन्ही कामातून गेलेत. तक्रार करायला दोघांनी एका जागी बसलेलं बरं.

उत्तर नको. या.
ठकू

२४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

न कळवता दारात उभे राहिलात तेव्हा मला रडूच आलं, ते तुम्ही पाहिलंत. पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. अख्खा टब तुम्ही दोन दिवस खरवडलात, घासलात. पहिला हात मी दिला, तेव्हा तुम्ही खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभे होतात, तरी मान वळवून बघत होतात. मी नळाखालचा कोपरा तिसऱ्यांदा चुकवला आणि तुम्ही चिडून रोलर हिसकावून घेतलात. हात थरथरत होता, पण तुम्ही डाव्या हाताने मनगट धरलंत आणि कोपरा पुरा केलात. दुसरा हात तर तुम्हीच दिलात. बाहेर स्टुलावर बसलेल्या सासूबाई तेव्हा दारातून मान पुढे काढून बघत होत्या.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते. आठ दिवस मोजून परवा पाणी भरलं. पाऊण तास झाला तरी त्या बाहेर येईनात. घाबरून दार वाजवलं, तर म्हणाल्या, जरा गरम पाणी वाढव. काल शेजारीण टब बघायला आली. तिचाही असाच आहे. विचारलं, रंगारी कुठला? मी म्हणाले, माझे बाबा. सासूबाईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, आमच्या घरातले आहेत.

तब्येतीला जपा. लोभ आहे तेवढा राहू द्या.
ठकू

२८ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शेजारणीला कडेचं सीलिंग काढून ठेवायला सांग. सोमवारच्या गाडीने निघतो. सासूबाईंना नमस्कार.

बाबा